डोक्याला पडलेला पोचा

वाचकहो, पुढे वाचण्याआधी एक करा. हाताची बोटे केसांत घाला आणि कपाळापासून मानेपर्यंत आपले डोके सावकाश चाचपून पाहा. कुठे उंच लागेल, कुठे सखल. मागे मानेच्या वर हाडाचा एक उंचवटा लागेल. तो बहुतेकांना असतो, पुरुषमाणसांना जरा जास्त. त्याने घाबरू नका. पण एखाद्याचे बोट मध्येच खळग्यात जाईल, पितळेच्या हंड्याला पोचा यावा तशा. तसे झाले तर आधी माझी हकीकत वाचा, आणि वाचून झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसा. का, ते पुढे येईलच.

मी माण तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि आता निवृत्त होऊन शेती पाहतो. २०१८ च्या हिवाळ्यात आमची आई गेली. पंच्याऐंशी वर्षांची होऊन, हातीपायी धड असताना गेली. दहाव्याला आम्ही ओढ्याकाठी जमलो. आईचे क्रियाकर्म धाकट्याने करायचे अशी आमच्याकडची रीत, म्हणून न्हाव्यापुढे आधी मी बसलो. त्याने डोक्यावर पाणी चोळले, वस्तरा चालवला, आणि टाळूच्या उजव्या अंगाला, जरा मागे, वस्तरा थांबला.

“मास्तर, हिथं काय लागलं हुतं व्हय?”

त्याने माझेच बोट धरून तिथे नेऊन ठेवले. करंगळीचे पेर बसेल एवढा खळगा होता. दुखत नव्हता, मऊ लागत नव्हता, कडा गुळगुळीत. बासष्ट वर्षे हे डोके मी खांद्यावर वागवले, त्याला तेल लावले, त्यावर टोपी घातली, आणि मला पत्ता नव्हता! आमच्या घराण्यात केस दाट, त्यात तो लपून राहिला असेल. पण मग आठवले, वडील १९८९ मध्ये गेले तेव्हाही मी डोके भादरले होते. तेव्हा वस्तरा ह्याच न्हाव्याच्या वडिलांच्या हातात होता आणि ते एका शब्दाने बोलले नव्हते. म्हणजे तेव्हा खळगा नव्हता? की होता आणि ते गप्प बसले?

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शेजारीच बसला होता. त्याने एकदा माझ्या डोक्याकडे पाहिले आणि नजर ओढ्याकडे वळवली. मला वाटले, आईची आठवण आली असेल.

तेराव्यापर्यंत घरात पाहुणे होते आणि प्रत्येकाकडे एक कारण होते. आत्या म्हणाली, लहानपणी बैलगाडीच्या दांडीवरून पडला होतास. चुलते म्हणाले, गाडीवरून नव्हे, १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना कुणाच्या तरी हातोड्याचा दांडा लागला असेल. एक लांबचे पाहुणे तर म्हणाले की बुद्धी जास्त वापरली की तसे होते. त्यावर आमच्या घरातल्या बायका आईच्या सुतकातही हसल्या. मुलाने मोबाईलवर शोधले आणि त्याचा चेहरा उतरला. त्यात कर्करोग होता, हाड विरून जाण्याचा आजार होता, आणखी काय काय होते. मोबाईलला माणसाचे वय ठाऊक नसते की गाव ठाऊक नसते. तो सगळी पोती एकदमच ओततो. पुतण्या दिवसभर कानांवर हेडफोन चढवून फिरतो, त्याने ते गुपचूप काढून ठेवले. (डॉक्टर नंतर म्हणाले, त्याने केस आणि कातडी दबते, घट्ट टोपी काढल्यावर कपाळावर वळ दिसतो तसे. हाड दबत नाही.) हिने मात्र रात्री दिवा मोठा करून तीनदा ती जागा पाहिली आणि चौथ्यांदा म्हणाली, “उद्या तालुक्याला जायचं.”

तालुक्याचे डॉक्टर बोलके निघाले. त्यांनी खळगा चाचपला आणि पहिला प्रश्न विचारला, “नवा की जुना?” मी म्हटले, तेच तर ठाऊक नाही. ते म्हणाले, “मग निम्मे निदान तिथेच अडले. जुना पोचा बहुधा निरुपद्रवी असतो. नवा असेल, वाढत असेल, मऊ असेल, दुखत असेल, तर तो पाहिलाच पाहिजे.”

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. कवटी म्हणजे एकच हाड नव्हे. कपाळाचे, दोन्ही बाजूंची, मागचे अशी हाडे करवतीच्या दात्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. त्यांच्या शिवणीवर बोट फिरवले तर काहींना चर लागते, आणि ती माणसे उगाच धास्तावतात. हाडाची जाडी साधारण ६ ते ७ मिलिमीटर, कानशिलावर बरीच कमी. आणि ते भरीव नसते. भाकरीला दोन पापुद्रे असतात तसे बाहेरून एक टणक पान, आतून एक टणक पान, आणि मधे जाळीदार हाड.

आता ह्या हाडाला खळगा पडतो तो कशाने? म्हातारपणी, विशेषतः बायकांच्या, डोक्याच्या मागच्या-वरच्या दोन्ही बाजूंना बाहेरचे पान पातळ होत जाते आणि दोन सारखे खळगे दिसू लागतात. तुमच्या आजीची वेणी घालताना असे दोन्हीकडे सारखे लागले तर डॉक्टरला सहज दाखवा, पण रात्री गाडी करून पळू नका. दोन्ही कानशिले बसली असतील तर बहुधा ते हाड नसतेच. तिथला स्नायू आणि चरबी झिजलेली असते, आणि मग शोध घ्यायचा तो अंग का झडते आहे ह्याचा. कधी कातडीखाली जन्मापासूनची बारीक गाठ हाडावर ठाण मांडून बसते आणि वर्षानुवर्षे त्याला खळगा पाडते. पोराच्या कपाळावर उभी चर पडत चालली आणि तिथली कातडी घट्ट, चकचकीत झाली, जणू तलवारीचा वार बसून भरून आला आहे, तर तो कातडीचा आजार असू शकतो. तो हाडापर्यंत उतरतो, म्हणून त्यात दिवस घालवू नयेत.

आणि ज्याची सगळ्यांना धास्ती, तोही असतो. हाडाच्या मगजातला कर्करोग, किंवा दुसरीकडून हाडात उतरलेला. सोंडकिडा ज्वारीचा दाणा पोखरतो तसा तो हाड पोखरतो. पण तो सहसा एकटा येत नाही. पाठ दुखते, अंगातले रक्त कमी होते, वजन उतरते, थकवा जात नाही. डॉक्टरांनी मला हे सगळे विचारले, आणि साठी उलटलेली म्हणून रक्तही तपासायला घेतले.

आमच्या दादाच्या सासऱ्यांचे डोके आठवून मी त्यांना एक विचारले. म्हातारबुवांच्या डोक्यावर दोन खळगे आहेत. ते गोठ्यात शेणावरून घसरले होते, टेंगूळही धड आले नव्हते. महिन्याने बोलणे असंबद्ध झाले आणि एक पाय ओढू लागले. घरच्यांना वाटले, वय झाले. पण कवटीखाली रक्त हळूहळू साचत होते. सर्जनने हाडाला दोन भोके पाडून ते काढले आणि आजोबा पुन्हा चावडीवर पत्ते खेळू लागले. म्हातारे माणूस पडले आणि दोन-चार आठवड्यांनी बरळू लागले, सारखे झोपू लागले, चालताना झोक जाऊ लागला, तर “आता असंच व्हायचं” म्हणून खाटेवर टाकू नका, एवढे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. ताजा मार असेल तर वेगळे. बेशुद्धी, पुन्हा पुन्हा ओकारी, झटका, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, किंवा हाड आत दबलेले दिसणे, ह्यातले एक जरी असले तरी तिथे बोट घालून पाहायचे नाही. स्वच्छ कापड हलके ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा.

सूनबाई बरोबर आली होती, तिच्या पाच महिन्यांच्या लेकराला लस होती. तिने मान खाली घालून विचारले, “हिच्या टाळूला मधोमध खड्डा लागतो, तो काय?” डॉक्टर हसले नाहीत, खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, तो पोचा नव्हे. तिथे अजून हाडच मिळालेले नाही. पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षात भरून येते, मागची लहान पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. बाळ शांत, उभे धरलेले असताना टाळू जराशी आत असते, मऊ लागते, तिथे नाडी उडताना दिसते, हे ठीक. पण हगवण-ओकारी चालू आहे आणि टाळू खोल गेली, डोळे आत गेले, लंगोट कोरडा राहू लागला, तर बाळाच्या अंगातले पाणी संपत आले आहे. आणि ताप असताना टाळू फुगून ताठ झाली तर तेही तितकेच वाईट. दोन्ही वेळा तडक दवाखाना.

वाचकहो, हे ऐकताना माझ्या हातापायांतले बळ गेले. १९७२ च्या त्या रस्त्याच्या कामावर आमच्याच वस्तीवरची एक बाई तान्ह्या पोरीला सावलीत निजवून खडी फोडायला येत असे. पोरीला हगवण लागली. म्हाताऱ्या म्हणाल्या, टाळू पडली, टाळू भरा. सगळ्यांनी मिळून त्या खळग्यात तेल भरले, वर कापूस ठेवला, आणि पाणी मात्र बंद केले, कारण पाण्याने हगवण वाढते असा समज. माझी आईही त्यात होती. तिसऱ्या दिवशी पोर गेली. मी सोळा वर्षांचा होतो, मीच तेलाची वाटी धरून उभा होतो.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, बंगालच्या सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली होती. सलाईन पुरत नव्हते म्हणून पिंपांतून ते पाणी वाटले, आणि तिथले मरणाचे प्रमाण शेकडा ३० वरून चाराच्या आत आले. म्हणजे औषध होते. आमच्या रस्त्याच्या कामापर्यंत ते आले नव्हते, एवढेच. आज ते आशाताईच्या पिशवीत असते. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्याने, आणि अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ ह्याहून जास्त नको. टाळूवर तेल लावायचे तर लावा, पण ते वरच राहते. खळगा भरतो तो तोंडाने गेलेल्या पाण्याने.

माझे राहिले. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन सीटी स्कॅन काढला. निकाल असा की खळगा बाहेरच्या पानाला आहे, आतले पान शाबूत, कडा गोल झालेल्या. रक्तही चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, “फार जुना आहे, बहुधा लहानपणचा. कुणी त्या वेळी तुमचे डोके पाहिलेला माणूस आहे का, विचारा. तोच तुमचा खरा एक्स-रे.” ज्या माणसाला सारे ठाऊक असणार ती तर नुकतीच गेली होती.

घरी ओसरीवर मी सगळ्यांना निकाल सांगितला. लहानपणचा आहे म्हटल्याबरोबर दादा उठून गेला. दिवेलागणीला तो मला बांधावर भेटला. आमचा दादा कमी बोलतो. त्या संध्याकाळी तो जितके बोलला तितके मी त्याच्या तोंडून आधी ऐकले नव्हते.

“तू सात वर्साचा असशील. ज्वारी हुरड्यात आल्याली. म्या मचाणावर, तू खाली. पाखरं हाणताना गोफणीची दोरी आधीच सुटली आन् धोंडा तुझ्या डोस्क्यात बसला. रगात थांबंना. आईनं चिंधी जाळून दाबली, हळद दाबली. बापूला सांगितलं, मचाणावरनं पडला. मला म्हणाली, कुणाला बोलू नगंस. त्यो खड्डा म्या पाडलाय, धाकल्या.”

मला त्यातले काही आठवत नव्हते, हळदीचा वास तेवढा आठवत होता. दादा बारा वर्षांचा होता तेव्हा. त्या सालानंतर तो शाळेत गेला नाही. औताला, मोटेला त्याने मला कधी लावू दिले नाही. म्हणायचा, “त्याला शिकू द्या.” आणि १९९४ ला वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचे बागायत त्याने मला दिले आणि माळाचे, कुसळांचे रान स्वतः घेतले. काही म्हणाले, दादा भोळा. काही म्हणाले, मास्तरने कागद दाखवून त्याला फसवला. मी मनातून म्हणत असे, मोठा आहे, मोठेपणाने दिले. आता तो म्हणाला, “डोस्क्याला मार लागल्यालं माणूस. पुढंमागं तुला काय झालं, तर पोराबाळांच्या जवळ पाणी असावं म्हनून दिलं.”

चौपन्न-पंचावन्न वर्षे हा माणूस माझ्याकडे पाहून काय मोजत होता, ह्याचा विचार करत मी रात्रभर जागा होतो.

सकाळी उठून मी न्हाव्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, ज्यांनी १९८९ ला माझे डोके भादरले होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मोतीबिंदूने नजर गेलेली, अंगणात ऊन खात बसले होते. मी त्यांच्यापुढे बसलो आणि काही न बोलता डोके पुढे केले. त्यांनी दोन्ही हातांनी ते धरले. बोट सरळ खळग्यावर गेले.

“मास्तर व्हय? ह्यो तर जावळातला.”

“जावळातला?”

“तुझं जावळ माझ्या बापानं काढलं. म्या सतरा वर्साचा, शिकत हुतो. बाप म्हणाला, हिथं हात हलका ठिव, पोराला खळगा हाय. तुझी आई लई भ्याली हुती. सुईण म्हणाल्याली भरून येईल, पर येईना. बापाला शपथ घातली, सासूला सांगू नगा, पोरात खोट हाय म्हणतील.”

“मग माझे वडील गेले तेव्हा तुम्ही बोलला नाही?”

“बाप गेल्याल्या माणसाला खड्डा दाखवायचा व्हय? आन् मला ठावंच हुता की त्यो.”

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोठ्या माणसाचे हाड वाळक्या भोपळ्यासारखे तडकते, पण बाळाचे हाड पत्र्यासारखे असते, न मोडता दबते. बाळंतपणात आईच्या कमरेच्या हाडावर दाबून किंवा पोटातच एका जागी टेकून राहून पोचा पडू शकतो. पुष्कळांचा आपोआप भरतो, एखाद्याचा राहतो. “आणि गोफणीचा धोंडा?” मी विचारले. ते म्हणाले, “जखमेचा व्रण पाहा, कुठे आहे.”

मुलाने मोबाईलवर माझ्या डोक्याचे फोटो काढले, नुकतेच केस फुटत होते तोवर. खळग्यावर व्रण नव्हता. तिथून चार बोटे पुढे, डाव्या अंगाला, पांढरी बारीक रेघ निघाली, जिच्यावर केस उगवत नव्हता.

ते फोटो घेऊन मी माळावर गेलो. दादा कुंपणाच्या काट्या नीट करत होता. त्याला मी न्हावीबाबांचे बोलणे शब्दाशब्दाने सांगितले आणि खाली बसलो, त्याच्यासमोर. त्याने आधी खळग्यात बोट घातले, मग रेघेवरून फिरवले, मग पुन्हा खळग्यात.

“म्हंजी ह्यी रेघ माझी. आन् ह्यो खड्डा न्हाय.”

“नाही.”

बराच वेळ तो काट्यांकडे पाहत राहिला. मी म्हटले, “वाटणी पुन्हा करू, दादा. विहिरीकडचं तुझं.” तेव्हा मात्र तो भडकला. म्हणाला, “सातबारा काय तुझ्या डोस्क्यावर लिव्हल्याला हाय व्हय? दिलं त्ये दिलं.”

आईने मरेपर्यंत दोन गुपिते सांभाळली, एक सासूपासून आणि एक नवऱ्यापासून. ती दोन्ही एकाच डोक्याची होती, पण दादाच्या मनात ती एक झाली आहेत हे तिला कधी कळले नसावे. कळले असते तर तिने दुसरे त्याला तरी सांगितले असते, असे मला वाटते. हिला तसे वाटत नाही. ती म्हणते, बायका घाबरलेल्या असतात तेव्हा सगळ्यांपासूनच लपवतात.

त्या उन्हाळ्यात मी विहिरीवरून माळापर्यंत पाईप पुरला. दादा चार दिवस तिकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी वहिनीच आल्या आणि त्यांनी कॉक फिरवला. चढ बराच आहे, त्यामुळे पाणी यायला वेळ लागला. आधी नुसती हवा फुसफुसत होती, आणि दादा लांब बाभळीखाली बसून तिकडे पाहत होता.